लवणासुर, उल्का आणि आमचे गुरुजी

परवा आतेभावानं मेहकरहून फोटो पाठवले. त्याच्या मुलीच्या शाळेची सहल लोणारला गेली होती. विवराच्या काठावर पोरींची रांग, हातात डबे. खाली त्यानं लिहिलं होतं, "दादा, तुझं विवर." 'तुझं' का, ते घरातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी आज लिहून टाकतो. बरीच वर्षं टाळलं, कारण गोष्ट आमच्याच घरातली आहे. कुणी मनाला लावून घेऊ नये.

1981 साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत होतो. आमची सहल एसटीनं लोणारला गेली. आधी दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं. तिथं गुरुजींनी लवणासुराची कथा अशी रंगवून सांगितली की डब्यांकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. लवणासुर जमिनीखाली लपून बसायचा. विष्णूनं सुंदर तरुणाचं रूप घेऊन त्याच्या बहिणींना भुलवलं, जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं. मग युद्ध झालं, दैत्य मेला. तळ्याचं पाणी हे त्याचं रक्त आणि खार हे त्याचं मांस.

मग आम्ही काठावर आलो. गुरुजी म्हणाले, "ती एक गोष्ट झाली. आता दुसरी ऐका. पन्नास हजार वर्षांपूर्वी आकाशातून एक मोठा दगड इथं पडला."

मी विचारलं, "गुरुजी, कशावरून?"

त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "मला इतकंच कळलंय बाबा. तू पुढं शिकशील. नवीन काही निघालं तर मला येऊन सांग."

रात्री जेवताना मी फुशारकीनं सगळं घरात सांगितलं. आजी कमळजादेवीची भक्त, पण ती हसली. "मंग तो दगड तरी कोनं फेकला रे?" एवढंच तिचं म्हणणं. घरातल्या एका वडीलधाऱ्यांना मात्र ते झोंबलं. (नाव लिहीत नाही, ते आता नाहीत.) "त्या मास्तरानं पाहिलं होतं का दगड पडताना?" असं म्हणत ते आणखी दोघांना घेऊन दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. पोरांच्या मनातून देव काढू नका, पुस्तकात आहे तेवढं शिकवा, असं सांगून आले म्हणे. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. पण नंतर वर्गात असा काही विषय आला की गुरुजी "घरी वाचून या" म्हणत आणि पान उलटत. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. ती नेहमीची बदली असेल, नसेलही. माझ्या डोक्यात मात्र ते उलटलेलं पान राहिलं, कारण बातमी घरात मीच आणली होती.

असो. 'कशावरून' हा प्रश्न मी पुढं वाचनातून धसाला लावला, आणि जे सापडलं ते कथेइतकंच रंगतदार आहे.

लोणारची ख्याती जुनी. 'आईन-ए-अकबरी'त मेहकरच्या मुलखात त्याचा उल्लेख आहे, पवित्र स्थान म्हणूनही आणि काच-साबणाला लागणाऱ्या जिनसांचं ठिकाण म्हणूनही. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याकडे युरोपीयांचं लक्ष वेधलं. त्यानंतर दीडशे वर्षं वाद चालला. एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांना हा ज्वालामुखीचा प्रताप वाटला, आणि ते साहजिक होतं. चहूकडे काळा पाषाण, तोही लाव्ह्याचाच. 1896 साली अमेरिकेत गिल्बर्ट हा नामांकित भूवैज्ञानिक अ‍ॅरिझोनातल्या तशाच विवराचा विचार करत होता. त्यानं आपल्या लोणारचा दाखला दिला आणि उल्केची शक्यता तपासून सोडून दिली. एवढा मोठा माणूस, दोन्हीकडे चुकला!

अडचण अशी होती की दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हा सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा त्यामानाने अगदी ताजा. इतक्या वर्षांनी इथं ज्वालामुखी कुठून यावा? सोक्षमोक्ष लागला तळाला भोकं पाडून खडक वर काढल्यावर. 1973 साली 'सायन्स'मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला. त्या खडकात मास्केलिनाइट सापडलं होतं. खडकातलं फेल्डस्पार हे खनिज प्रचंड धक्क्यानं न वितळताच काचेसारखं होतं, ते हे. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही, उल्काच देते. म्हणजे आमच्या सहलीआधी आठच वर्षं गोष्ट पक्की झाली होती, आणि खेड्यातल्या एका गुरुजींपर्यंत ती पोचलीही होती! ह्याचं मला आजही नवल वाटतं.

"त्यानं पाहिलं होतं का?" हा सवाल मला पुढं पुन्हा ऐकू आला, तोही आपल्या शेजारीच. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठंच नाही, तेव्हा शाळा-कॉलेजातून तो बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून विरोध केला. पण 2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेलीच. कारण सांगितलं, ओझं कमी करायचं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. 2018 मध्ये आलेल्या आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे.

हे एकाच धर्माचं दुखणं नाही. अमेरिकेत 1925 साली टेनेसीत स्कोप्स नावाच्या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल 100 डॉलर दंड झाला, आणि तो कायदा 1967 पर्यंत टिकला. आपली घटना कागदावर बरी आहे. कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि 1976 पासून वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य आहे. पण वर्गात गुरुजी एकटे असतात आणि ऑफिसात तिघं येऊन बसतात, तेव्हा ही कलमं कुणाच्या खिशात असतात?

आणि बोलण्याची किंमत दर वेळी उलटलेल्या पानाएवढी नसते. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला. खटल्याचा निकाल मे 2024 मध्ये लागला, दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले. आमच्या घरातल्या त्या वडीलधाऱ्यांची आणि मारेकऱ्यांची तुलना मी करत नाही, तो अन्याय होईल. त्यांनी मला कडेवर घेऊन जत्रा दाखवल्या आहेत. फक्त त्या दिवशी पेपर वाचताना मला गुरुजी आठवले, एवढं खरं.

उल्का पडताना कुणीच पाहिली नव्हती. गुरुजींनी नाही, फ्रेड्रिक्सननंही नाही. पाहिली ती काच.

आता नवीन काय निघालं, ते सांगायचं राहिलंच. 2011 साली आर्गॉन वायूच्या मोजणीवरून विवराचं वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. गुरुजींचा पन्नास हजारांचा आकडा दहापटीहून जास्त चुकला होता. ते बदलून कुठं गेले त्याचा मी शोध घेतला, तोवर उशीर झाला होता. भेटले असते तर आकडा ऐकून आधी "कशावरून?" असं विचारलं असतं त्यांनी, आणि मग चहा मागवला असता.