खिळ्यात न मावलेले अक्षर

मराठी मुद्रणाचा इतिहास आपण ग्रंथांच्या आधाराने लिहितो. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर छापलेले पंचांग, जावजी दादाजींचा १८६९चा निर्णयसागर छापखाना, तिथले सुबक ठसे, हे त्याचे ठरलेले टप्पे. या इतिहासातले अक्षर शिस्तीचे आहे. ते वाचले जाते, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मराठी अक्षर खेळलेही आहे. तो खेळ पाहायचा, तर मात्र वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींकडे वळावे लागते. अक्षर खेळायला तिथे का गेले, याचे उत्तर छापखान्यातल्या खिळ्यांत आहे.

रोमन लिपीत लहानमोठी मिळून बावन्न अक्षरे, शिवाय आकडे आणि विरामचिन्हे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरली, की एकाच वळणाच्या एकाच आकारासाठी शेकडो खिळे ओतावे लागत. ‘अखंड’ पद्धतीत मात्रा-वेलांटीसकट अक्षराचा सबंध खिळा असे. ‘डिग्री’ पद्धतीत वरची आणि खालची चिन्हे सुटी ठेवून जुळारी ती अक्षराला जोडत असे. पहिल्या पद्धतीत खिळ्यांची संख्या वाढे, दुसऱ्या पद्धतीत जुळणी किचकट होई. नवे वळण घडवणे दोन्हींत खर्चाचे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले मुद्रक भित्तिपत्रकांसाठी तऱ्हेतऱ्हेचे ठसे ओतून घेत होते, तशी चैन मराठी छापखान्याला परवडणारी नव्हती. वेगळे अक्षर हवे, तर ते कुंचल्याने काढायचे आणि त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यायचा, हाच मार्ग उरला.

नाटकाच्या जाहिरातीला हा मार्ग फार सोयीचा ठरला. जागा इंच-दोन इंच, कागद वर्तमानपत्री, त्यावर छायाचित्र काळवंडून उमटणार. मग नाटकाची प्रकृती सांगायची कोणी? नावानेच. टाइम्स ऑफ इंडियात नोकरी करणाऱ्या कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी हे काम कलेच्या पातळीवर नेले. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकापासून पुढे कित्येक दशके मराठी प्रेक्षकाने नाटकाचा पहिला प्रवेश त्यांच्या अक्षरांत पाहिला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

या खेळाला लिपीनेही साथ दिली. रोमन अक्षरे तळाच्या अदृश्य रेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे डोक्यावरच्या उघड रेषेला टांगलेली असतात. ‘भूकंप’ शब्दाची शिरोरेषा मधोमध तडकवली, तर अर्थ वाचण्याआधी दिसतो. ‘झोका’ची रेषा सैल सोडली, तर अक्षरे खरोखर झुलू लागतात. खिळ्यांच्या जुळणीत हे होणे कठीण, कारण तिथे प्रत्येक खिळा आपल्या चौकटीत बंद असतो.

पुढे संगणक आला. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे जाहिरातकलेत मुरलेले सुलेखनकार आणि कवी. अक्षर मोकळे करणाऱ्या या कलावंतानेच ‘मंगल’ हा फाँट घडवला. विंडोजबरोबर तो घरोघरी पोचला आणि देवनागरीला संगणकावर हक्काची जागा मिळाली. शेकडो खिळ्यांचा जुना प्रश्न सुटला. आज मराठी फाँटांना तोटा नाही. पण सर्वसाधारण फाँटमधला ‘क’ दर वेळी तोच असतो. हाताने काढलेल्या नावातला दुसरा ‘क’ शेजारच्या अक्षराकडे पाहून आपले वळण बदलतो. टंचाई होती तेव्हा अक्षर काढावे लागे, आता ते निवडता येते. सोय मोठी झाली, तरी ही दोन कामे एक नव्हेत.

म्हणून त्या जाहिरातींची नोंद व्हायला हवी. ग्रंथ कपाटात राहिले, त्यांच्या सूची झाल्या. जाहिरातीचे आयुष्य मात्र प्रयोगाच्या तारखेपुरते. दुसऱ्या दिवशी ती रद्दीत जाई. ग्रंथालयांतल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली ठिसूळ होत चालल्या आहेत. त्यांतून बातम्या आणि अग्रलेख शोधणारे अभ्यासक नाटकांच्या पानावरही थांबले, तर मराठी अक्षराच्या इतिहासातले एक हसरे प्रकरण हाती लागेल.