कचेरींतील चोरवाट

१९७८ सालीं अमेरिकेंतील हार्वर्डच्या व्यापारविद्यालयांत डॅन ब्रिकलिन नांवाचा विद्यार्थी शिकत होता. वर्गांत फळ्यावर मांडलेल्या तक्त्यांतील एक आंकडा बदलला कीं पुढील सारे आंकडे पुसून पुन्हां मांडावे लागत. हा खटाटोप वाचविण्याच्या विचारांतून त्यानें बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्यानें ‘व्हिसिकॅल्क’ नांवाची हिशेबाची संगणक-योजना तयार केली, आणि १९७९ सालीं ती ॲपल कंपनीच्या लहान संगणकासाठीं विक्रीस आली.

त्या काळीं मोठ्या कंपन्यांतून संगणक ही एका स्वतंत्र खात्याची मिरास असे. इतरांस साधा अंदाज हवा असला तरी त्या खात्याकडे मागणी करून वाट पाहावी लागे. तोच हिशेब मेजावरील यंत्र क्षणांत करतें असें कळतांच कित्येकांनीं तें स्वतःच्या पैशांनीं किंवा आपल्या विभागाच्या किरकोळ खर्चांतून घेतलें, व संगणकखात्यास न विचारतां कचेरींत आणून ठेवलें. पुढें १९८१ सालीं आयबीएमसारख्या बड्या कंपनीनेंच वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, आणि चोरवाटेचा राजमार्ग झाला.

३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘ओपनएआय’ या अमेरिकन संस्थेनें चॅटजीपीटी लोकांपुढें ठेवलें, तेव्हां याच प्रकाराची पुनरावृत्ति सुरू झाली. मायक्रोसॉफ्ट व लिंक्डइन यांनीं २०२४ सालीं ३१ देशांतील ३१,००० लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा ७८ जण तीं स्वतःचीं कामावर आणतात, असें तींत आढळलें. महत्त्वाच्या कामांत त्यांची मदत घेतल्याचें कबूल करण्यास शेंकडा ५२ जण कचरत होते. आणि आपल्यावांचूनही काम भागेल असें वरिष्ठांस वाटेल, ही धास्ती जवळजवळ तितक्याच लोकांस होती. पाहणी करणारे स्वतः अशा साधनांचे विक्रेते आहेत हें ध्यानांत घेऊनही, या लपवाछपवीचें मूळ भीतींत आहे, हें त्यावरून दिसतें.

परंतु या दोन चोरवाटांत एक मोठा भेद आहे. व्हिसिकॅल्कमधील आंकडे मेजावरील यंत्रांतच राहात. चॅटजीपीटीस घातलेला मजकूर मात्र परक्याच्या संगणकावर जातो, तेथें सांठविला जातो, आणि यंत्राच्या पुढील शिक्षणास वापरला जाण्याचाही संभव असतो. दक्षिण कोरियांतील सॅमसंग कंपनीस मार्च २०२३ मध्यें याचा प्रत्यय आला. तिच्या चिपा बनविणाऱ्या विभागानें या साधनास परवानगी दिली होती. तरी थोड्याच दिवसांत तीन प्रकार घडल्याचें तेथील वृत्तपत्रांनीं छापलें. दोघांनीं कंपनीच्या गुप्त संगणक-आज्ञा त्यांत घातल्या, तर तिसऱ्यानें बैठकीचें इतिवृत्त करून घेण्यासाठीं तेथील संभाषण घातलें. त्यांत घातपात नव्हता; घाई होती. मे महिन्यांत कंपनीनें बंदी घातली. भारताच्या अर्थखात्यानेंही २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानें, सरकारी माहितीच्या गुप्ततेस्तव, कचेरीच्या संगणकांवर अशीं साधनें टाळण्यास बजावलें.

हुकूम काढणें सोपें. प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर पहारा बसविणें अशक्य. कचेरीचें दार लावलें कीं तोच मजकूर खिडकींतून जातो, आणि मग मालकास त्याचा पत्ताही लागत नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें ओपनएआयनें व्यापारी संस्थांसाठीं निराळी आवृत्ति काढली व तींतील मजकूर शिक्षणास न वापरण्याचें वचन दिलें. अशी सोय पैसे देऊन मिळते. विश्वास तसा मिळत नाहीं. यंत्राची मदत घेतल्याचें उघड सांगणाऱ्याची भाकरी धोक्यांत येणार नाहीं, एवढी हमी मालकानें दिली पाहिजे. नोकरानेंही एक गोष्ट विसरूं नये. रुग्णाचा आजार, अशिलाचा कज्जा, कर्जदाराचा हिशेब हे कागद त्याचे नाहींत, मालकाचेही नाहींत. ज्याचे आहेत, त्याला या व्यवहारांत कोणी विचारलेलेंच नसतें.