रोहिणीतला चुना

आगाशीहून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो की पायांखाली शिंपल्यांचा कच येतो. असेच शिंपले भाजून कोकणकिनाऱ्यावर पूर्वी चुना करीत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हे आपण वर्गात सांगतो. पण तो पाण्यात आपोआप साचत नाही, एक मऊ अंगाचा प्राणी तो घडवतो, हे सांगायचे बहुधा राहून जाते. रोहिण्यांतल्या (धमन्यांतल्या) चुन्याबाबत वैद्यकाचेही काहीसे असेच झाले.

१८५२ साली चेर्माक यांना एका इजिप्शियन ममीच्या महारोहिणीत चुन्याचे थर आढळले. १९११ मध्ये रफर यांनी ममींच्या वाळलेल्या रोहिण्या मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर विकार आजच्यासारखाच! (तेव्हा इजिप्तमध्ये तंबाखूही नव्हता.) मधल्या काळात फिरखो यांनी हे हाड बनण्यासारखेच आहे असे म्हटले होते. तरीही पुढे बराच काळ समज राहिला तो असा, की जुन्या नळात क्षार धरतात तशी ही म्हातारपणाची खूण.

हा समज १९९०च्या दशकात ढळला. १९९३ साली हाडे घडवायला लावणारे एक प्रथिन कडक झालेल्या रोहिण्यांतही सापडले. १९९७चा उंदरांवरील प्रयोग तर फारच बोलका आहे. 'मॅट्रिक्स जीएलए' या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर दोन महिन्यांच्या आत दगावले; चुन्याने कडक झालेल्या त्यांच्या रोहिण्या फुटल्या होत्या. म्हणजे चुना धरू न देण्याचे काम शरीर सतत करीत असते. हे प्रथिन कामाला लागण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. त्याचे निष्क्रिय रूप रक्तात मोजता येते, पण नित्याच्या तपासणीत ती चाचणी आलेली नाही.

नित्याची झाली ती सीटी स्कॅनची. १९९० मध्ये अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या रोहिण्यांतील चुन्याला अंक देण्याची रीत मांडली. शून्य अंक दिलासा देतो; पण चुना धरण्याआधीचा मऊ, मेदाचा साका त्यात दिसत नाही. आपल्याकडे हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो, म्हणून तरुणाच्या शून्यावर विसंबणे धोक्याचे. गंमत अशी, की स्टॅटिन घेणाऱ्यांत हा अंक वाढतो आणि झटक्याचा धोका मात्र घटतो. मऊ साका चुन्याने घट्ट होतो आणि सहजी फुटत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.