मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर लोक का सोडतात? वनहक्काच्या कागदांवरून समजून घ्या

संगणकावर मजकूर लिहिण्याचं साधन, म्हणजे टेक्स्ट एडिटर, माणूस सहसा सवयीने निवडतो. ते सोडायला मात्र काहीतरी अडावं लागतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत हे अडणं चटकन लक्षात येतं, कारण इथे टाइप केलेला कागद अनेक हातांतून जातो.

वन हक्क कायदा २००६ चा. त्यानुसार दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला याच कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा दाव्याची फाइल पुढच्या संगणकावर उघडलीच नाही, तर ती पुन्हा टाइप करावी लागते.

पहिलं कारण : फॉन्ट

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी असतं. 'वन' टाइप केलं, तर फाइलमध्ये 'ओ' आणि 'यू' ही इंग्रजी अक्षरं साठतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर त्याला तीच दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर चिकटवला तरी तेच होतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर फोनवरही वाचता येतो आणि शोधताही येतो.

दुसरं कारण : नोटपॅडची प्रश्नचिन्हं

विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये फाइल आपोआप 'एएनएसआय' पद्धतीने सेव्ह होत असे. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून 'ओके' दाबलं, की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरत आणि फाइल बंद केल्यावर मजकूर परत मिळत नसे. २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून 'यूटीएफ-८' ही पद्धत आपोआप निवडलेली असते.

तिसरं कारण : रेंज

ऑनलाइन एडिटरमध्ये मजकूर आपोआप जतन होतो, पण त्यासाठी नेट लागतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. दुर्गम भागात रेंजचाही भरवसा नसतो. ऑफलाइनची सोय आधी सुरू करून ठेवली नसेल, तर ऐन वेळी फाइल उघडत नाही. म्हणून काही जण पुन्हा संगणकावरच्या साध्या एडिटरकडे वळतात.

मग काही जण जुनंच का वापरतात?

हाताच्या सवयीमुळे. टाइपरायटरवर शिकलेल्यांची बोटं रेमिंग्टन कळफलकावर पळतात. इनस्क्रिप्टवर आलं की वेग मंदावतो. यावर उपाय आहे : रेमिंग्टनच्या मांडणीत युनिकोड टाइप करता येतं. सवय तीच राहते आणि फाइल मात्र सगळीकडे उघडते.

सोडण्याआधी काय कराल?

• जुन्या फाइलची मूळ प्रत जपून ठेवा.
• एक प्रत कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदला.
• ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासा. जुन्या फॉन्टमध्ये त्यांचा क्रम वेगळा साठतो, त्यामुळे चुका तिथेच जास्त होतात.
• गावांची व माणसांची नावं, गट क्रमांक आणि वनकक्ष क्रमांक कागदाशी ताडून पाहा. दाव्यातला एक आकडा चुकला, तर जमीनच दुसरी ठरते.