भुलाभाई देसाई आणि लाल किल्ल्यातील खटला

वर्गात दुसरे महायुद्ध शिकवीत होतो. न्युरेंबर्गच्या खटल्याचा उल्लेख आला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, खटला भरणारा जिंकलेला, न्यायाधीशही जिंकलेल्यांचेच, आणि पिंजऱ्यात हरलेला. मग याला न्याय कसे म्हणायचे?" तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते या स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहे. कारण हाच प्रश्न त्याच सुमारास आपल्या दिल्लीतही उभा राहिला होता, आणि त्याला तोंड दिले होते मुंबईच्या एका वकिलाने.

न्युरेंबर्गचा खटला २० नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला. त्याआधी पंधरा दिवस, ५ नोव्हेंबरला, दिल्लीच्या लाल किल्ल्यात इंग्रज सरकारने आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटला सुरू केला होता. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन हे ते तिघे. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप तिघांवर होता. शिवाय सेनेतून पळालेल्या शिपायांना गोळ्या घालण्याच्या प्रकरणी खुनाचे व खुनास साहाय्य केल्याचे आरोप होते. न्यायासनावर सात लष्करी अधिकारी होते. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल सर नौशिरवान इंजिनिअर उभे होते, तर आरोपींच्या बाजूने भुलाभाई देसाई. दोघेही मुंबईच्या हायकोर्टात नाव कमावलेले वकील.

भुलाभाईंचा जन्म १८७७ सालचा, वलसाडजवळचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झाल्यावर ते अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी व इतिहास शिकवीत. म्हणजे मुळात शिक्षकच! शिकवता शिकवता त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९०५ साली मुंबईत वकिली सुरू केली. बारडोलीच्या शेतकऱ्यांवर सरकारने सुमारे २२ टक्के सारावाढ लादली होती. १९२८ च्या सत्याग्रहानंतर नेमलेल्या चौकशीत भुलाभाईंनी शेतकऱ्यांची बाजू मांडली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, तुरुंगवास भोगला आणि मध्यवर्ती कायदेमंडळात काँग्रेस पक्षाचे नेते झाले.

१९४५ साली मात्र त्यांचे दिवस फिरले होते. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी मिळून हंगामी सरकार बनवावे, यासाठी त्यांनी लियाकत अली खान यांच्याशी बोलणी केली होती. त्यावरून पक्षात वादळ उठले आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांना उमेदवारी मिळाली नाही. वय ६८ आणि प्रकृती ढासळलेली. अशा माणसाने रुसून घरी बसणे कोणालाही समजले असते. पण ते लाल किल्ल्यात उभे राहिले. बचाव समितीत सर तेजबहादूर सप्रू, असफ अली, कैलासनाथ काटजू होते; पंडित नेहरूंनीही अनेक वर्षांनी वकिलीचा झगा अंगावर चढवला. तथापि युक्तिवादाचे मुख्य ओझे भुलाभाईंच्याच खांद्यावर होते.

डिसेंबरमध्ये त्यांनी केलेला समारोपाचा युक्तिवाद दोन दिवस चालला. त्याचा गाभा असा : परतंत्र प्रजेला आपल्या मुक्तीसाठी युद्ध करण्याचा हक्क आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन झाले, जपान-जर्मनीसह नऊ सरकारांनी त्याला मान्यता दिली, त्याने रीतसर युद्ध जाहीर केले. त्याच्या सेनेला गणवेश होता, अधिकारी होते, स्वतःचा लष्करी कायदा होता. अशा सेनेचा सैनिक हा दरोडेखोर नव्हे. त्याच्या कृत्याला आंतरराष्ट्रीय कायदा लागतो, ताजिरात-ए-हिंदचे कलम नव्हे. अमेरिका इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढूनच स्वतंत्र झाली, याची आठवणही त्यांनी दिली. शिपायांना गोळ्या घातल्याचा पुरावा कच्चा आहे, हेही त्यांनी दाखवले.

सरकारी पक्षाचे उत्तर सरळ होते : बादशहाशी घेतलेली शपथ सुटत नाही आणि हे न्यायालय देशाच्या कायद्याने बांधलेले आहे. निकालात तिघेही युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरले. खुनास साहाय्य केल्याबद्दल फक्त शाहनवाज दोषी ठरले. सहगल व धिल्लन त्या आरोपांतून सुटले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. पण देशभर उसळलेला लोकक्षोभ सरसेनापती ऑकिनलेक यांना दिसत होता. ३ जानेवारी १९४६ रोजी जन्मठेप रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि तिघे सुटले. शाहनवाज खान पुढे स्वतंत्र भारतात मंत्री झाले.

६ मे १९४६ रोजी भुलाभाई वारले. तीनच दिवस आधी टोकियोत जपानी नेत्यांवरील खटला सुरू झाला होता. तिथे भारतातर्फे सरकारी वकिलांत गोविंद मेनन होते, तर न्यायासनावर राधाबिनोद पाल. पालांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात त्या विद्यार्थ्याचाच प्रश्न विचारला. आणि १९७७ साली जिनिव्हा कराराला जी पुरवणी जोडली गेली, तिच्यात वसाहतींच्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्या जनतेचे युद्ध हे आंतरराष्ट्रीय युद्ध मानले गेले. लाल किल्ल्यात जे अमान्य झाले, ते बत्तीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आले.

मग उत्तर काय? न्युरेंबर्गच्या आरोपींनी लाखो निरपराधांचा संहार केला होता. त्यांची बरोबरी आझाद हिंदच्या सैनिकांशी होऊ शकत नाही. पण हा फरक ठरवणार कोण? जिंकलेल्याची मर्जी नव्हे, तर दोघांनाही सारखा लागू होणारा कायदा. आणि तो कायदा पिंजऱ्यातल्या माणसाच्या बाजूने निर्भयपणे वाचून दाखवणारा वकील असेल, तरच खटल्याला न्यायाचे रूप येते.

आपले धर्माबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्याच हैदराबादचे आबिद हसन १९४३ साली नेताजींबरोबर पाणबुडीतून जर्मनीहून निघाले होते. तेव्हा ही गोष्ट दूरच्या दिल्लीची नाही, आपलीही आहे.

पालकांना एवढीच विनंती, की मुलगा किंवा मुलगी कायदा शिकायचे म्हणाली, तर "कोर्टकचेरीत काय ठेवले आहे?" असे म्हणून तिला अडवू नका. आणि विद्यार्थी मित्रांनो, भुलाभाईंनी चाळीस वर्षे केलेला अभ्यास त्या दोन दिवसांत तीन जिवांच्या कामी आला. आज पाठ केलेले पान उद्या कोणाच्या कामी येईल, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून ते नीट वाचावे.