तळघरातून निघालेली शाळा

शाळा वाढवा, अशी मागणी होते तेव्हा इमारत, निधी आणि शिक्षक यांचाच हिशोब प्रथम मांडला जातो. स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा इतिहास चाळताना आम्हाला असे दिसते की, या सर्वांच्या आधी एका गोष्टीची गरज असते: हे मूल शिकू शकते, या विश्वासाची. इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही मुले आपल्यातच रमणारी, नित्यक्रमात तिळमात्र बदल झाला तरी व्याकूळ होणारी होती. पुढे मातेच्या कोरड्या वागणुकीमुळे मूल असे होते, हा समज तज्ज्ञांतही बळावला आणि आधीच खचलेल्या आईच्या माथी अपराधाचे ओझे आले. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड हे स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथातून या समजाला खणखणीत उत्तर दिले.

इंग्लंडमध्ये अडचण आणखी वेगळी होती. १९४४ च्या शिक्षण कायद्यानुसार काही मुले शालेय शिक्षणास अपात्र ठरवता येत असत. अशा मुलांची जबाबदारी शिक्षण खात्याकडून आरोग्य खात्याकडे जाई. कित्येक स्वमग्न मुलांच्या वाट्याला हेच आले.

१९६२ साली लंडनमधील काही पालकांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली. मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग याही त्यांत होत्या. त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. त्याच सुमारास सिबिल एल्गर या मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षिकेने लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातील आपल्या घराच्या तळघरात मोजक्या मुलांना शिकवण्यास प्रारंभ केला. मोजके व स्पष्ट शब्द, ठरलेला दिनक्रम आणि न ढळणारी चिकाटी ही त्यांची साधने. १९६५ मध्ये पालकांच्या संस्थेने ईलिंग येथे शाळा उघडली व तिची धुरा एल्गर यांनी वाहिली. मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय, या प्रश्नातून १९७४ साली सॉमरसेट परगण्यात प्रौढांसाठी निवासही उभा राहिला.

कायदा मागाहून आला. १९७० च्या कायद्याने कोणतेही मूल शिक्षणास अपात्र मानणे बंद झाले आणि एप्रिल १९७१ पासून सर्वच मुलांची जबाबदारी स्थानिक शिक्षण खात्यांवर आली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिडलसेक्सच्या पाहणीत दहा हजार मुलांमागे साडेचार मुले स्वमग्न आढळली होती. २००६ च्या एका ब्रिटिश पाहणीत हे प्रमाण ११६ वर गेले. व्याख्या रुंदावली, पारखणारी नजर तयार झाली, आणि शाळा अपुऱ्या पडू लागल्या.

येथे 'जवळची शाळा' या शब्दांना विशेष अर्थ येतो. ज्या मुलाला ओळखीचा रस्ता बदलला तरी यातना होतात, त्याला रोज गाडीच्या गर्दीतून दूरच्या शहरी नेणे हे शिक्षणाच्या नावाने शिक्षा करण्यासारखे आहे. निवासी शाळेत ठेवावे, तर घर तुटते.

आपल्या देशात दिल्लीच्या एका पालक-संस्थेने १९९४ मध्ये स्वमग्न मुलांसाठी शाळा काढली. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो पक्का केला. कागदावरचा हक्क गावात उतरवणे हे काम मात्र गावाचेच.

आमच्या धर्मग्रामांत चर्चला लागून शाळा असणे ही जुनी परंपरा आहे. शंभरातील हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव मागे ठेवून निघणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या शाळांत एक शांत खोली आणि एक प्रशिक्षित शिक्षिका यांची सोय होऊ शकेल काय, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावा. ईलिंगच्या शाळेचा आरंभ तर त्याहूनही लहान जागेत झाला होता.