चार शिक्क्यांचे घर

बेळगावात १९९८ साली मी घर घेतले. जांभ्या दगडाचे, मंगळुरी कौलांचे बैठे घर. जागा आठ गुंठे. त्यांतले जेमतेम दीड गुंठा घराखाली. बाकी परडे, दोन फणस आणि एक विहीर. एजंट म्हणाला, "मास्तर, पैसे जागेचे आहेत. घर फुकट समजा, पाडायचा खर्च तेवढा धरा."

मी शाळेत इतिहास शिकवीत असे. फुकटच्या घराचा इतिहास तरी पाहावा म्हणून जुने कागद मागून घेतले.

अशी घरे आपल्याकडे का झाली, हे समजण्यासारखे आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे इलाखाभर पसरला. दाट पेठांतली माणसे मोकळ्यावर राहायला गेली, आणि ऐपत असलेल्यांना मोकळ्या जागेची गोडी लागली. आपल्या भागात जांभा हाताशी होता. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला होता. यंत्रावर दाबलेले, एकमेकांत अडकणारे ते कौल आले आणि दर वर्षी घर शाकारण्याची दगदग पुष्कळ कमी झाली. उतरते छप्पर, पुढे पडवी, मागे परडे. वर मजला चढवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

कागदांत तीन खरेदीखते होती. पहिले १९२९ चे, शिक्क्यावर पंचम जॉर्ज, मजकूर मोडीत. दुसरे १९५१ चे, मुंबई सरकारच्या शिक्क्याचे, इंग्रजीत. तिसरे १९७२ चे, म्हैसूर राज्याचे, कानडीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. माझे खत चौथे होणार होते. घर मात्र जागचे हललेले नव्हते.

इंग्रजी आणि कानडी खते मी वाचली. मोडीसाठी एका निवृत्त कारकुनांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून चतुःसीमा वाचल्या, त्या जुळत होत्या. मग थांबून म्हणाले, "इथे एक ओळ जास्त आहे." पूर्वेकडील घरास या विहिरीचे पाणी भरण्याचा हक्क आणि विहिरीपर्यंत वाट, अशी ती ओळ होती. पुढच्या दोन्ही खतांत ती नव्हती.

पूर्वेकडच्या घरात अक्का राहत. घरची भाषा कानडी, आमच्याशी मराठी. रोज सकाळी गडग्याच्या खिंडीतून त्या घागर घेऊन येत. आपला काही हक्क आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. मालक भले आहेत, एवढेच त्या मानत.

एजंटला सांगितले तर तो म्हणाला, "गप्प राहा. विहीर मोकळी असेल तरच पुढे फ्लॅटवाला भाव देईल." खोटे कशाला सांगू, दोन रात्री मी गप्पच होतो. घरात मुलीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता.

मग वकिलांना विचारले. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आपल्या इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला. असा हक्क माणसाला नव्हे, जमिनीला चिकटलेला असतो. मालक बदलला म्हणून तो जात नाही. वीस वर्षे वापर सोडला तर बुडू शकतो. अक्कांनी तर एक दिवसही सोडला नव्हता.

चौथ्या खतात ती ओळ पुन्हा आली, या वेळी कानडीत. अक्कांना प्रत दिली. त्यांनी बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचले आणि म्हणाल्या, "एवढं लिहायचं कशाला मास्तर? पाणी तर होतंच की."

फ्लॅटवाला पुढे आला, ओळ वाचून परत गेला. मुलीसाठी कर्ज काढले, ते सावकाश फिटले. २०१४ मध्ये गावाचे सरकारी नाव बेळगावी झाले.

आपल्या घरोघरी ट्रंकेत मोडीचे कागद आहेत. घर विकण्याआधी, आणि घेण्याआधीही, ते कोणाकडून तरी वाचून घ्या. त्यांत आपली मालकी लिहिलेली असते, तसे शेजाऱ्याचे देणेही लिहिलेले असते.